सुगतच्या गाडीचा गिअरबॉक्स

भात पिवळं पडायला लागलं की आमच्याकडच्या हवेला एक कोरडा, गोडसर वास येतो. सकाळी शेतांवर धुकं असतं, दुपारी डोकं भणभणेल असं ऊन पडतं आणि संध्याकाळी खळ्याखळ्यांतून झोडणीचा धप धप आवाज यायला लागतो. माणगावच्या बाजारात विळे घेऊन बसलेल्या बाया दिसतात. रस्त्यावर पेंढ्याने फुगलेले टेम्पो डुलत डुलत जातात आणि त्यांच्या मागे गाड्यांची रांग लागते. यंदाही सगळं तसंच आहे. मला मात्र या वासासरशी गेल्या वर्षीचं भांडण आठवतं. सगळं गाव कापणीच्या घाईत होतं आणि आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाद पेटला होता. गाडीच्या गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदलून घ्यावं की नाही?

बाहेरच्या कुणाला हसू आलं असतं. आम्हाला येत नव्हतं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, सुगतची. आमचं गाव माणगावपासून आत, भातशेतीच्या पट्ट्यात आहे. आमचे वडील, आबा, जन्मभर बस चालवत होते. मी माणगावच्या शाळेत मराठी शिकवते. सुगत इंजिनिअर झाला, रासायनिक कारखान्यात लागला आणि सुटीच्या दिवशी घाटातल्या, चिखलातल्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घ्यायला लागला. लहानपणी आबांच्या बसमध्ये तो इंजिनच्या झाकणाशेजारी बसायचा. तापलेल्या पत्र्याने पोटऱ्या भाजायच्या, तरी हलायचा नाही. त्याचं सगळं लक्ष आबांच्या डाव्या हाताकडे असायचं. तो लांब, थरथरणारा दांडा आबा कधी पुढे ढकलतात, कधी मागे ओढतात, ते बघत राहायचा. मी खिडकीबाहेर समुद्र कधी दिसतो याची वाट बघायचे. त्याला समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं.

आजार आधी त्याच्या डाव्या पावलात आला. चप्पल पायातून निसटायला लागली. मग क्लच दाबताना पाय अर्ध्यावरच थांबायला लागला. एकदा मांडीकडे बोट दाखवून तो मला म्हणाला, "ताई, बघ ना, कातडीखाली काहीतरी वळवळतंय." मी बघितलं. खरंच तिथलं मांस आपलं आपण उडत होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं सांगितलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी पाय, मग हात, मग मान, जीभ, गिळणं, श्वास. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. शीतल, म्हणजे सुगतची बायको, ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. डॉक्टर बोलत होते तेव्हा तिने एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हाच मला कळलं की तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

आबांनी मात्र ऐकूनच घेतलं नाही. रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून ते सुगतच्या पायाला चोळत बसायचे. "जोर हाय रं अजून. कालच्यापरीस आज बरा हाय. व्यायाम कमी पडतोय तुझा, बाकी काय न्हाय." सुगत मान हलवायचा. आबांचे हात त्याच्या पोटरीवरून फिरत राहायचे आणि पोटरी दर आठवड्याला बारीक होत जायची.

डाव्या पायाने क्लच जमेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ऑटोमॅटिक गाडी चालवा. उजवा पाय आणि हात धड आहेत तोवर हरकत नाही." आम्हाला वाटलं, एखादी छोटी, शहाण्यासारखी गाडी येईल. सुगतने आणली ती जुनी, राखाडी, बुटकी जर्मन गाडी. अंगणात उभी राहिली की शेजारची कोंबडीसुद्धा तिच्यापासून लांब चालायची. आबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "क्लच कुठं हाय?"

"नाही आबा. ती स्वतःच गिअर टाकते."

"मग तू काय करतोस आत बसून?"

सुगत मनापासून हसला. त्या दिवसांत त्याचं असं हसू क्वचित ऐकू यायचं. मग त्याने आबांना स्टिअरिंगमागची दोन पाती दाखवली. उजवं पातं बोटाने ओढलं की वरचा गिअर पडतो, डावं ओढलं की खालचा. आत दोन क्लच असतात. एकावर गाडी चालू असते तेव्हा दुसरा पुढचा गिअर धरून तयार बसलेला असतो. तुम्ही बोट लावायचा अवकाश, पापणी लवायच्या आत गिअर बदलतो. पात्यांना हात लावला नाही तर सगळं संगणक ठरवतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खेळणं हाय."

पावसाळाभर सुगत त्या पात्यांवर गाडी चालवत राहिला. कारखान्यातून लवकर निघायचा, घरी यायच्या आधी म्हसळ्याकडचा घाट चढून उतरून यायचा आणि अंगणात गाडी लावून थोडा वेळ आतच बसून राहायचा. घराच्या आत यायला त्याला काठी लागायची. गाडीत लागायची नाही. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला ते दिसत होतं.

भाताच्या लोंब्या भरल्या तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांतला जोर गेला, पाठोपाठ डाव्याच्याही. सदऱ्याचं बटण लागेना. घास बोटांतून सुटायला लागला. पातं ओढायला बोट वाकेना. पंजा स्टिअरिंगवर नुसता ठेवता यायचा, मनगटाने चाक फिरवता यायचं, पण ते एक इंचभर ओढणं त्याच्याच्याने होईना. गाडी संगणकाच्या मर्जीवर सोडावी लागली. कंपनीने तो संगणक पेट्रोल वाचवायला शिकवलेला. जरा वेग आला की सर्रकन वरच्या गिअरमध्ये जाऊन बसायचा. चढावर पाय दाबला की क्षणभर घुटमळायचा, कुणी झोपेतून उठवल्यासारखा, आणि मग नको तेव्हा दोन गिअर खाली यायचा.

"ताई, त्याला वाटतं मी म्हातारा आहे," सुगत एकदा म्हणाला. "माझं काही ऐकतच नाही तो."

त्याच आठवड्यात त्याने गिअरबॉक्स ट्यून करून घ्यायचा विषय काढला. पनवेलच्या अलीकडे झुबेर नावाचा एक जण वेगवान गाड्यांचं हेच काम करतो. तो लॅपटॉप लावून गिअरबॉक्सच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलतो. गिअर केव्हा टाकायचा, किती झटकन टाकायचा, क्लचने किती घट्ट धरायचं, सगळं.

शीतल रुग्णालयातून नुकतीच आली होती. तिने पिशवी खाली ठेवली. "कशाला आता? बरी चाललीय की गाडी. त्यात काहीतरी बिघडेल, क्लच लवकर झिजतील."

"झिजू देत. सावकाश झिजतात ते."

"पण गरज काय त्याची? अहो, तुम्ही अजून किती दिवस चालवणार आहात ती?"

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. बाहेर खळ्यावर झोडणी चालू होती. धप. धप. आबा तेलाची वाटी हातात धरून उभे होते. सुगत तिच्याकडे रागाने बघत नव्हता. उलट, कुणीतरी एकदाचं खरं बोललं याचं त्याला बरंच वाटलं असावं.

"म्हणून तर आत्ता करायचंय," तो म्हणाला.

पुढचे काही दिवस शाळेच्या मोकळ्या तासाला मी शिक्षकांच्या खोलीत मोबाइलवर हेच वाचत बसायचे. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जगभरची माणसं या एका प्रश्नावर तावातावाने भांडत होती. एक म्हणायचा, गाडी नव्याने हातात आल्यासारखी वाटते, इतके दिवस का थांबलो असं होतं. दुसरा म्हणायचा, इंजिनला हात लावला नसेल तर नुसता गिअरबॉक्स बदलण्यात अर्थ नाही, मनाचे खेळ आहेत सगळे. तिसरा क्लचचं आयुष्य किती कमी होतं ते सांगायचा. मी सगळं वाचायचे, पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. गाडी चालवणाऱ्याचं आयुष्य किती आहे, असं तिथे कुणीच कुणाला विचारत नव्हतं. शेजारी सहकारी शिक्षिका सहामाहीचे पेपर तपासत असायच्या. मी मोबाइल पालथा ठेवून खिडकीबाहेर बघायचे. बाहेर उन्हात पिवळं शेत दिसायचं, आणि वाटायचं की कुठेतरी, कुणाकडे तरी याचं नेमकं उत्तर असेल आणि ते सापडलं तर बाकीचंही सगळं थांबेल. माणूस हतबल झाला की असलं काहीही त्याला पटतं.

शेवटी मीच सुगतबरोबर गेले. झुबेर चाळिशीतला, दाढीत पांढरे केस आलेला, बोलायला रोखठोक. त्याने गाडी चालवून बघितली आणि सरळ नाही म्हणाला.

"भाई, खरं बोलू? इंजिन स्टॉक आहे, कंपनीने दिलं तसंच, गाडी तू रोडवरच चालवणार. गिअर थोडे फास्ट पडतील, दोन दिवस मजा येईल, मग सवय होऊन जाईल. ट्रॅकवर जाणाऱ्याला मी लगेच करून देतो. तुला नको बोलतो. स्टिअरिंगमागे ती पॅडल आहेत ना? पॅडल वापर."

सुगतने उजवा हात उचलून त्याच्यासमोर धरला आणि बोटं मिटायचा प्रयत्न केला. बोटं थरथरली आणि तशीच राहिली. "पॅडल ओढता येत नाही," तो म्हणाला. "मी जिथे गिअर टाकला असता तिथे तिने स्वतःहून टाकावा, एवढंच पाहिजे. अजून पाय आहे. पाय आहे तोवर."

झुबेरने त्या हाताकडे बघितलं. मग त्याने मला विचारलं, "किती... म्हणजे डॉक्टर काय बोलले?" मला सांगता येईना. सुगतनेच सांगितलं, पावसाचा अंदाज सांगावा तितक्या सहज. झुबेर आत गेला, पाणी पिऊन आला. "इकडे नाही करायचं," तो म्हणाला. "तुझा रोड कुठला आहे? मी तिकडे येतो."

तो रविवारी खरंच आला. सुगतच्या शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. स्टिअरिंगखालून एक वायर त्याच्याकडे आली होती. मी मागे बसले. घाटाला सुरुवात झाली तसा झुबेर म्हणाला, "आता तुला पाहिजे तिथे गिअर टाक."

"कसा टाकू?"

"बोल. मी टाकतो."

आणि मग तो घाट मी कधी पाहिला नव्हता तसा पाहिला. सुगत चाक सांभाळत होता, ब्रेक दाबत होता आणि एकेक शब्द बोलत होता. "वर." "थांब... वर." "खाली. खाली." झुबेरचा एक हात गिअरच्या दांड्यावर होता. तो पुढे-मागे ढकलूनही गिअर टाकता यायचा, पण सुगतची बोटं त्यावर वळत नव्हती. शब्द पडला की दांडा हलायचा आणि लॅपटॉपवर रेघा धावायच्या. दोघांच्या कपाळावर घाम होता. वळणावर साग, किंजळीची पानं उन्हात चमकत होती. खाली दरीत कापलेल्या शेतांचे चौकोन दिसत होते. घाटमाथ्यावर गाडी थांबवून झुबेरने पडद्यावरच्या रेघांकडे बोट दाखवलं.

"इकडे बघ. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तू थोडा जास्त थांबतोस. सगळे आधी टाकून मोकळे होतात. तू थांबतोस. का?"

सुगतने विचार केला. "आबा थांबायचे," तो म्हणाला. "भरलेली बस असायची. इंजिन मोकळं गायला लागल्याशिवाय ते टाकायचे नाहीत."

दोन दिवसांनी झुबेरने ते सगळं संगणकात भरून दिलं. मला वाटलं होतं, काहीतरी जादू दिसेल. दिसलं काहीच नाही. फक्त सुगतने पाय दाबला की गाडी आता घुटमळत नव्हती. धप्पकन, मागून कुणी पाठीवर थाप मारावी तसा गिअर पडायचा आणि बरोबर तिथेच पडायचा. पहिल्या चढावर सुगत ओरडला, "बघ! बघ, ऐकलं!" त्याने दोन्ही पंजे स्टिअरिंगवर आपटले. बोटं वाजत नव्हती, नुसते तळवे वाजत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आबांना घाटात नेलं. आबा मागे माझ्याशेजारी बसले होते, कापणीच्या मळक्या कपड्यांतच, अंगाला भाताच्या कुसाचा वास.  चढ लागला. इंजिनचा आवाज चढत गेला, चढत गेला. आबांनी डोळे मिटले होते. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता आणि तो मुठीसारखा वळला होता.

"हां," ते पुटपुटले. "आत्ता."

त्याच क्षणी गिअर पडला.

घरी आल्यावर आबा गाडीतून उतरले आणि सरळ शेतावर गेले. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर ते एकटेच बांधावर बसले होते. कापलेल्या भाताचे भारे तसेच पडले होते, एकही उचललेला नव्हता. "पोरगा जातोय गं आपला," ते म्हणाले. तोवर हे त्यांनी मान्य केलं नव्हतं. त्यानंतर तेल चोळताना पायात जोर आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. नुसतं चोळत राहिले.

कुणी विचारलं की त्या सॉफ्टवेअरचा उपयोग झाला का, तर मला ते दिवस सांगावेसे वाटतात. सुगत रोज गाडी काढायचा. कारखान्याने त्याला रजा दिली होती. कधी शीतलला रुग्णालयात सोडायचा, कधी मला शाळेतून घ्यायचा, कधी नुसताच बोर्ली पंचतनपर्यंत जाऊन सुके बोंबील घेऊन यायचा. जेवताना त्याला भरवावं लागत होतं. शर्ट शीतल घालून द्यायची. पण चाकामागे बसला की त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ओशाळलेपणा पुसला जायचा. रिकाम्या शेतांत वालाची पेरणी झाली होती. हवेत गारवा आला होता. मी शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाकडे बघायचे, रोज, चोरून. तोही माझी नजर कुठे आहे ते बघायचा.

थंडी पडली तेव्हा एका दुपारी घाट उतरताना समोर पेंढ्याचा टेम्पो थांबलेला दिसला. त्यालाही दिसला, मलाही दिसला. पाय ब्रेकवर गेला, पण गेला तो उशिरा. गाडी टेम्पोच्या इतकी जवळ जाऊन थांबली की लोंबणारा पेंढा आमच्या काचेला टेकला. काही झालं नाही. टेम्पोवाल्याला कळलंसुद्धा नाही. सुगतने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बराच वेळ काचेवर अडकलेल्या काड्यांकडे बघत बसला.

"झालं, ताई," तो म्हणाला. "शीतलला फोन कर."

ती कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आली. सुगतचं असं ठरलेलंच होतं की ज्या दिवशी पाय चुकेल त्या दिवसापासून तो गाडी चालवणार नाही. त्याने शब्द पाळला. आम्ही दोघींनी काखेत हात घालून त्याला पलीकडच्या सीटवर नेलं. गाडी स्कूटरवाल्याने घरी आणली, शीतल त्याची स्कूटर घेऊन मागून आली. शीतलने तोवर स्कूटरखेरीज काही चालवलं नव्हतं. ती गाडी तिला कधी आवडली नव्हती. तरी तीच शिकली, कारण आता सुगतला घेऊन जायला कुणीतरी हवंच होतं. रोज सकाळी मैदानावर आबा शेजारी बसून तिला शिकवायचे. परवाना हातात आला त्याच दिवशी ती सुगतला घेऊन बाहेर पडली.

आणि मग मानेचं सुरू झालं.

शीतल म्हसळ्याच्या रस्त्याने चालली होती. मी मागे होते. पुढच्या एसटीला मागे टाकायला तिने पाय दाबला. गिअर धप्पकन खाली आला, लगेच वर गेला, आणि सुगतचं डोकं मागे आपटून पुढे आलं. हनुवटी छातीवर टेकली. त्याला ती उचलता येईना. शीतलला समोरच्या रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती, माझ्या लगेच लक्षात आलं नाही. ती गाडी कडेला घेईपर्यंत तो तसाच, स्वतःच्या मांड्यांकडे बघत बसून होता. मी खाली उतरून दार उघडलं, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून वर केलं. त्याचे डोळे भरले होते. तो काहीतरी बोलला. जीभ तेव्हा जड झाली होती, मला कळलं नाही. शीतलला कळलं.

"'चांगला पडला गिअर', म्हणतायत," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून रडायला लागली.

त्याच्या मानेसाठी फोमचा पट्टा आणला. तो त्याला गुदमरवायचा. गाडी कितीही जपून चालवली तरी हिसका बसायचाच, कारण ती तशीच करून घेतलेली होती. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच आता त्याची मान मोडत होतं. शीतल म्हणाली, "काढून टाकू या."  आम्ही पुन्हा पनवेलच्या वाटेला लागलो.

झुबेर बाहेर आला, गाडीच्या खिडकीशी वाकला आणि सुगतला बघून तसाच मागे सरकला. मग म्हणाला, "टेन्शन नाही भाई. कंपनीची फाइल माझ्याकडे ठेवलेली आहे. आत्ता टाकून देतो, पहिल्यासारखी मऊ होऊन जाईल." आणि उगाचच हातातल्या वायरचा गुंता सोडवत बसला. वायरीत गुंता नव्हता.

सुगत बोलला. एकदा, दोनदा. शीतलने कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"डीमधलं काढ म्हणतायत," तिने सांगितलं. "एस राहू दे."

दांडा डीवर असला की गाडी साधी चालते, एसवर टाकला की वेगात. झुबेरने मान हलवली. "एक मऊ, एक तसाच. होईल ना. पण एस वापरणार कोण?"

 झुबेरने उत्तराची वाट न बघता लॅपटॉप उघडला. काम करून दिलं. निघताना त्याने खिडकीतून हात आत घालून सुगतच्या निपचित बोटांना धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

यंदाच्या कापणीत सुगत पुढच्या खोलीत पलंगावर असतो. नाकावर श्वासाचा मुखवटा, पोटातल्या नळीतून अन्न. डोळे हलवतो, तेच त्याचं बोलणं. खिडकीतून त्याला रस्ता दिसतो. एखादा टेम्पो चढावर गिअर चुकवतो, दातावर दात घासल्यासारखा आवाज करतो, तेव्हा त्याच्या भुवया वर जातात आणि आबा खाटेशेजारून म्हणतात, "व्हय रं, ऐकला मी." बापलेकांचं एवढं एक बोलणं अजून चालू आहे. शीतल रात्रपाळी घेत नाही. मी शाळा सुटली की सरळ घरी येते. आता आमच्यात वाद होत नाहीत. वाद घालायला काहीतरी निवडता यावं लागतं.

पण त्याआधी, झुबेरकडून परत आल्यावर, डी खरंच मऊ झाला होता. गिअर कधी पडतो ते कळायचंही नाही. शीतल त्याला फिरवून आणायची आणि तो पाव चहात बुडावा तसा सीटमध्ये खचून बसायचा. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. गाडी आता कुणाचीच नव्हती.

आंब्याला मोहोर आला होता तेव्हा एकदा आम्ही तिघं दिवेआगरच्या पुढे, किनाऱ्याच्या कडेने श्रीवर्धनकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेलो. दुपार कलली होती. रस्ता मोकळा होता. एका बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्या आडून समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकडी. एका लांब, सरळ तुकड्याच्या तोंडाशी शीतलने गाडी उभी केली. सुगतला पाणी पाजायचं होतं. चमच्याचमच्याने पाजलं, तोंड पुसलं. मग तिने गाडी सुरू केली आणि बघितलं, तर सुगतची नजर गिअरच्या दांड्यावर होती.

"नाही," शीतल म्हणाली.

त्याने नजर हलवली नाही.

"अहो, मान बघा तुमची. मी नाही करणार."

तो तसाच बघत राहिला. त्या नजरेत हट्ट नव्हता, विनवणीही नव्हती. रस्ता समोर होता आणि तो दांड्याकडे बघत होता, एवढंच. शीतल माझ्याकडे वळली.  मी माझ्या सीटचा पट्टा सोडला, पुढे सरकले आणि त्याच्या सीटच्या दोन्ही बाजूंनी हात घालून त्याचं डोकं धरलं. एक तळवा कपाळावर, दुसरा हनुवटीखाली. मागून सीटच्या उशीला घट्ट दाबून धरलं. त्याचं कपाळ गार होतं. त्याच्या गळ्यातली नाडी माझ्या बोटांना लागत होती.

"धरलंय मी," मी म्हणाले.

शीतलने दांडा मागे ओढला. एस. काही क्षण तिने डोळे मिटले, मग उघडले आणि पाय दाबला.

पहिला गिअर संपून दुसरा पडला तेव्हा तो मला ऐकू येण्याआधी तळव्यांवर आला. कपाळाचं हाड माझ्या हातात आदळलं आणि मी दाबून धरलं. सुरूची झाडं मागे पळायला लागली. इंजिन चढत गेलं, चढत गेलं, आणि जिथे कुणीही गिअर टाकून मोकळा झाला असता तिथे ते थांबलं, अजून थांबलं. माझ्या हातातला सुगत थांबला, श्वास धरून. मग तिसरा पडला. धप्प. माझ्या मनगटापर्यंत कळ आली.

आमच्यासमोर जन्मात कधी नवऱ्याला एकेरी न बोललेली शीतल जिवाच्या आकांताने ओरडली, "दुखतंय का रे? दुखतंय का तुला?"

माझ्या तळव्याखाली त्याची हनुवटी हलली. गळ्यात काहीतरी गरगरलं. त्या दिवसांत त्याचं बोलणं फक्त शीतलला कळायचं, पण ते माझ्या हातातून आलं म्हणून मलाही कळलं.

"अजून," तो म्हणाला.

रस्ता वळणापाशी संपला. गाडी हळू होत गेली, गिअर एकेक करून खाली आले आणि मी एकेक झेलत राहिले. गाडी थांबली तरी मी हात काढले नाहीत. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या बोटांवरून खाली आलं होतं.  शीतलने पदराने तोंड पुसलं, आरशात मागचा रस्ता बघितला, गाडी वळवली आणि पुन्हा त्या सरळ तुकड्याच्या तोंडाशी नेऊन उभी केली.